कार्यवाहीचा रकाना

लॉगबुकातले त्याचे अक्षर फार सुरेख होते. रात्री बारा वाजता उणे १९, दीड वाजता उणे १७, तीन वाजता उणे १५, साडेचार वाजता उणे १३, सहा वाजता उणे ११. प्रत्येक आकडा चौकटीच्या बरोबर मधोमध लिहिलेला, त्याच्यापुढे सही, आणि अगदी उजवीकडच्या ‘कार्यवाही’ या रकान्यात पाचही ओळींवर पट्टीने ओढावी तशी सरळ आडवी रेघ. गोठवलेला माल उणे १८ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, हे आमच्या कारखान्यात फरशी धुणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. त्यालाही ते ठाऊक होतेच. त्या जुन्या, लहान चेंबरमध्ये त्या रात्री अकरा टन म्हाकूल (स्क्विड) होते, पेट्या बांधून, शिक्के मारून, दोन दिवसांनी कंटेनरमध्ये चढवायला तयार. कूलरच्या पंख्याची मोटर जळली होती. शेजारच्या चेंबरमध्ये जागा होती, माल हलवायला पाळीवर सहा माणसे होती. कोणीतरी ‘हलवा’ म्हणायचे तेवढे बाकी होते, आणि ते म्हणण्याचा अधिकार माझ्याकडे होता.

सकाळी सातला मी पोहोचले तेव्हा तो शीतगृहाच्या दाराशी उभा होता. रात्रपाळीचा ऑपरेटर, वय चोवीस-पंचवीस, राजापूरकडच्या एका गावातला. जॅकेट अजून अंगात, भुवयांवर वितळलेल्या बर्फाचे पाणी, बोटांची टोके पांढरी पडलेली. कारण त्याने रात्रभर हातावर हात ठेवून वाट पाहिली नव्हती. दाराचे रबर तीनदा पुसले होते, कूलरवरचे बर्फ खरवडून काढले होते, मोटरचे बटण बंद-चालू करून पाहिले होते. जे जे एकट्याने करता येण्यासारखे होते ते सगळे त्याने केले होते. मी आवाज चढवला नाही. फोन का केला नाहीस, एवढेच विचारले. तो बराच वेळ गमबूटच्या टोकाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “मॅडम, ऑगस्टमध्ये मी तुम्हाला रात्री फोन केला होता.” पुन्हा थांबला. “तेव्हा तुम्ही म्हणालात, हे सकाळी सांगितलं असतंस तर चाललं नसतं का.”

मला तो फोन आठवतही नव्हता.

पुढे मालाचे जे व्हायचे ते झाले. तो कुजला नव्हता, पण ज्या ग्राहकासाठी बांधला होता त्याच्याकडे पाठवण्याजोगा राहिला नाही; तपासणी होईपर्यंत वेगळा काढून ठेवला आणि शेवटी कमी भावाने दुसरीकडे गेला. कारखान्याच्या हिशेबात ते नुकसान एका ओळीत मावले. माझ्या डोक्यात मात्र ते एक वाक्य राहून गेले, आणि ते माझे स्वतःचे होते. ऑगस्टमधली ती रात्र मी आठवून आठवून जुळवली. मासेमारीबंदी उठून हंगाम नुकताच सुरू झाला होता, मिरकरवाड्याच्या बंदराहून ट्रक रात्री-बेरात्री येत होते, मी सलग काही दिवस पुरती झोपले नव्हते. तापमान दाखवणारा सेन्सर बिघडला होता, चेंबर ठीक होता, फोन अनाठायी होता. झोपेत मी ते वाक्य बोलले असणार आणि पुन्हा कूस बदलून झोपले असणार. मी जे बोलून विसरले ते त्याने चार महिने जपून ठेवले, आणि डिसेंबरमधल्या त्या रात्री माझ्या सांगण्याप्रमाणेच, सकाळपर्यंत थांबून, मला सांगितले.

मन खाणारी आणखी एक गोष्ट होती. त्या रात्री दीड वाजता मी जागी होते.

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी दूरशिक्षणातून व्यवस्थापनाची पदवी करायला घेतली आहे. मत्स्यविज्ञान शिकले, पंधरा वर्षे माशांची प्रत तपासत काढली, आणि तीन वर्षांपूर्वी जेव्हा अख्ख्या उत्पादनाची जबाबदारी अंगावर आली तेव्हा मला जाणवले की म्हाकुलाच्या डोळ्यावरून तो किती तासांपूर्वीचा आहे हे मी सांगू शकते, पण समोर उभे असलेले माणूस काय बोलायचे टाळते आहे ते मला कळत नाही. म्हणून अभ्यास. त्या रात्री माझ्यासमोर ‘नेतृत्वाच्या सिद्धांतांचा विकास’ हा प्रश्न होता आणि मी मन लावून उत्तर लिहीत होते. आधी नेत्याच्या अंगभूत गुणांचा शोध, मग १९४८ मध्ये स्टॉगडिल यांनी त्या सगळ्या शोधांचा आढावा घेऊन नुसत्या गुणांच्या यादीने नेता ओळखता येत नाही असा काढलेला निष्कर्ष, मग वर्तनाचा अभ्यास, मग परिस्थितीचा. आणि दीडच्या सुमारास, दिवा मालवण्यापूर्वी शेवटचा, मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या प्रयोगाचा परिच्छेद. ते पान नंतर मी इतक्या वेळा उघडले की त्याचा कोपरा मऊ पडला आहे.

जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेल्या लेविन यांनी लिपिट आणि व्हाइट या दोन सहकाऱ्यांबरोबर आयोवामध्ये दहा वर्षांच्या मुलांची मंडळे तयार केली होती. मुले मुखवटे बनवायची, असल्याच काही हस्तकलेच्या गोष्टी करायची. काही मंडळांचा मोठा माणूस प्रत्येक पायरी स्वतः ठरवून हुकूम द्यायचा, काहींचा मुलांशी बोलून ठरवायचा, आणि काहींचा मुलांना मोकळे सोडून बाजूला बसायचा. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे तीन शैलींचे कोष्टक प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. मीही केले होते. पण त्या प्रयोगात मोठा माणूस मधूनच खोलीबाहेर निघून जायचा, आणि त्याच्या पाठीमागे काय होते हेही टिपले जायचे. हुकमी मंडळात त्याची पाठ वळली की काम गळून पडायचे. विचारून चालणाऱ्या मंडळात ते जवळजवळ पहिल्यासारखेच चालू राहायचे. आणखी एक निरीक्षण मी उत्तरात लिहिलेसुद्धा नव्हते, कारण ते कोष्टकात बसत नव्हते. बहुतेक हुकमी मंडळांमधली मुले भांडत नव्हती. ती शांत होती. त्यांचा कारभार सैल होताच, किंवा मोठा माणूस नजरेआड होताच, त्या शांततेखाली काय होते ते बाहेर पडायचे. मी स्वतःला हुकमी कधीच समजले नव्हते. मी ओरडत नाही, नावाने हाक मारते, पाळी संपताना दोन शब्द बोलते. पण माझा विभाग शांत होता, आणि त्या शांततेचा मला अभिमान होता.

या अभिमानाचे कागदोपत्री रूप म्हणजे आमची चुकांची वही. ठरलेल्या पद्धतीपासून काही ढळले तर त्यात नोंद करायची असते: बर्फ कमी पडले, पेटीवर चुकीचे लेबल लागले, क्लोरीनचे प्रमाण चुकले. मी जबाबदारी घेतल्यावर या नोंदी कमी कमी होत गेल्या आणि त्या हिवाळ्यात सलग तीन महिने पाने कोरी होती. वरिष्ठांच्या बैठकीत मी ती कोरी पाने उघडून दाखवली होती. त्यानंतर काही आठवड्यांनी अभ्यासात एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतल्या संशोधनाचे प्रकरण आले. नव्वदच्या दशकात औषध देण्यातल्या चुका मोजताना त्यांची अपेक्षा अशी होती की चांगल्या जुळलेल्या गटांत चुका कमी आढळतील. आकडे उलटे आले. जिथे वरिष्ठ परिचारिकेशी मोकळेपणाने बोलता येत होते तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. त्यांच्या लक्षात आले की ते गट जास्त चुकत नव्हते, ते चुकांबद्दल बोलत होते. पुढे एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांचा अभ्यास करून १९९९ मध्ये त्यांनी गटाची मानसिक सुरक्षितता ही कल्पना मांडली: आपण बोललो तर आपल्याला खाली पाहायला लावले जाणार नाही, असा गटातल्या माणसांचा सामायिक विश्वास. हे वाचले तेव्हा संध्याकाळ होती, खिडकीतून खारा वारा येत होता, खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरवरून ओल्या काजूगरांसाठी हाळी देत चालले होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती कोरी पाने होती. जगातल्या कुठल्याही मासळीच्या कारखान्यात तीन महिने काहीच चुकत नाही, असे होत नाही. पंधरा वर्षे प्रत तपासणाऱ्या बाईला ते कळायला हवे होते.

मार्चच्या शेवटी चार दिवस सुट्टी काढून देवबागला आजोळी गेले. रत्नागिरी सोडली की थोड्याच वेळात गाडी पानवल नदीवरच्या पुलावर येते. खाली सुमारे ६४ मीटर मोकळी दरी, आणि क्षणभर डब्यातले बोलणे आपोआप थांबते. आमच्या अभ्यासक्रमात कोकण रेल्वे हा एक धडाच आहे. १९९० मध्ये महामंडळ, ई. श्रीधरन प्रमुख, आणि १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी रोह्यापासून ठोकूरपर्यंतचे ७४१ किलोमीटर खुले. धड्याखालचे प्रश्न श्रीधरन यांच्या गुणांवर विचारलेले असतात, आणि ते गुण खरेच आहेत. या किनाऱ्यावर राहणारे कोणी त्यांचे ऋण नाकारणार नाही. पण मला त्या धड्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते उलटे मोजणारे घड्याळ. काम पुरे व्हायला किती दिवस उरले हे दाखवणारी अशी घड्याळे त्यांनी कार्यालयांत लावली होती. वरच्या साहेबाला जो आकडा दिसतो तोच चहा आणून देणाऱ्याला दिसतो. उशीर होतो आहे ही गोष्ट कोणी कोणाच्या कानाशी लागून सांगायची उरत नाही, आणि घाई करा हा हुकूमही मग माणसाचा राहत नाही. तरी घड्याळ सगळेच दाखवू शकत नव्हते. पेडण्यासारख्या मऊ मातीच्या बोगद्यांत माती पुन्हा पुन्हा ढासळली, आणि ती हलते आहे हे सर्वांत आधी कळत होते ते आत, तोंडाशी खणणाऱ्या मजुराला. त्याचे म्हणणे किती वेळात वर पोहोचत होते, हे कोणत्याही धड्यात लिहिलेले नाही. मला परीक्षेत तो प्रश्न यायला हवा आहे.

देवबागेत कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली जमीन इतकी अरुंद आहे की लहानपणी रात्री झोपताना एका कानाने समुद्र आणि दुसऱ्या कानाने नदी ऐकू येते असे मला वाटायचे. माझा मामा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होता. आता पर्ससीनची मोठी जाळी आणि एलईडीचे दिवे लावणाऱ्या बोटींनी मासळी किनाऱ्यापर्यंत येण्याआधीच उचलली जाते, मामाचे गुडघे गेले आहेत, आणि रापण लागली तरी पूर्वीसारखी माणसे जमत नाहीत. पण माझ्या आठवणीतली रापण पहाटेची आहे. दोरीचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी निघायची, जाळे सोडत सोडत मोठे अर्धवर्तुळ घेऊन दुसरीकडे किनाऱ्याला लागायची, आणि मग दोन्ही टोकांना माणसे ओळीने उभी राहून ओढू लागायची. ओल्या काथ्याचा वास, वाळूत टाचांनी पडणारे खळगे, ओढणाऱ्यांचा एका लयीतला हुंकार. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत यायच्या आणि मधल्या पाण्यावर पाखरे फिरू लागायची. मामा होडीतून उतरून कमरेवर हात ठेवून मध्ये उभा असायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. त्याला सारखी विचारायचे की जाळ्यात किती मासळी आली. तो माझ्याकडे न पाहता म्हणायचा, “माका काय इचारतंस? दोरी धरलेल्याक इचार.”

तेव्हा मला वाटायचे की तो मला टाळतो आहे. या खेपेस किनाऱ्यावर बसून ते वाक्य पुन्हा आठवले आणि मी त्याला त्याबद्दल विचारले. त्याला ते बोलल्याचे आठवत नव्हते, पण अर्थ त्याने लगेच सांगितला, जणू मी चूल कशी पेटवतात असे काहीतरी विचारले होते. जाळे पाण्याखाली असते. तांडेलाला वरून पाण्याचा रंग दिसतो, पाखरे दिसतात. पण जाळे जड झाले की खडकात अडकले की एका अंगाने रिकामे येते आहे, हे आधी दोरीतून ओढणाऱ्याच्या तळव्याला कळते. त्याने ओरडून सांगायचे आणि तांडेलाने त्या ओरडण्यावर दोन्ही बाजूंचा वेग जुळवायचा. ओढणारा पोरगा असो की म्हातारा, ते पाहायला वेळ नसतो. तो गप्प राहिला तर जाळे फाटते, आणि जाळे फाटले तर सगळ्यांचेच वाटे जातात. मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२५ मध्ये हुकूम देण्याविषयी जे व्याख्यान दिले त्यात परिस्थितीचा नियम सांगितला आहे: एकाने दुसऱ्याला हुकूम देण्याऐवजी दोघांनी मिळून परिस्थिती काय सांगते ते ओळखावे आणि तिचा हुकूम पाळावा. फॉलेट बॉस्टनमध्ये वस्त्यांमध्ये समाजकार्य करत या विचारापर्यंत आल्या आणि १९३३ मध्ये गेल्या. व्यवस्थापनाच्या लोकांनी पुढे कित्येक वर्षे त्यांना बाजूला ठेवले. मामाने ते नाव ऐकणे शक्य नव्हते, पण दोरी जड झाल्यावर कोणी कोणाचे ऐकायचे हे त्याला कोणाकडून शिकावे लागले नाही.

तरी रापणीचे गोडवे गाताना माझा हात थबकतो. आमच्या वाडीत तेव्हा बायका दोरीला हात लावत नसत. माझी आजी टोपली घेऊन वाळूत बसलेली असायची. मालवणच्या बाजारात त्या दिवशी तारलीला भाव आहे की बांगड्याला, कोणाकडे लग्न आहे, कोणती गिऱ्हाईण उधार ठेवते, हे सगळे तिच्या डोक्यात असायचे; पण जाळे कधी टाकायचे हे ठरवताना तिला कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. दोरी धरलेल्याला विचारायचे, हा नियम ज्यांना दोरी धरू दिली होती त्यांच्यापुरताच होता. मी परत आले तेव्हा हा विचार बरोबर घेऊन आले आणि ग्रेडिंगच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एक काकी आहेत. त्यांची बोटे म्हाकुलाच्या सालीवरून फिरतात तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी त्यांना त्याची प्रत कळते. इथे काय अडते, असे मी त्यांना विचारले. त्यांनी काम न थांबवता सांगितले की पाळीच्या शेवटच्या तासाला बर्फ पुरत नाही, कारण बर्फाची शेवटची गाडी साडेचारला येते, मग टबात थर पातळ करावा लागतो. हे किती दिवस चालले आहे? “दोन वर्षं झाली. कोणी विचारलं नाही.” त्या दोन वर्षांत संध्याकाळच्या मालाची प्रत सकाळच्यापेक्षा थोडी उतरते याची कारणे मी पाण्यात, उन्हात आणि बोटींत शोधत होते, आणि त्यावर एक टिपणही लिहिले होते.

असे काही घडले की आपल्याकडे एक उत्तर तयार असते: आपली संस्कृतीच अशी. पुस्तकेही ते पुरवतात. हॉफस्टेड या संशोधकांनी आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांवरून सत्तेतले अंतर, म्हणजे वरचा आणि खालचा हा भेद माणसे किती गृहीत धरतात ते, मोजले; त्यात भारताचा आकडा ७७ आहे आणि डेन्मार्कचा १८. पाटण्यात संशोधन करणारे जय बी. पी. सिन्हा यांचे १९८० चे काम मला याहून जवळचे वाटते. त्यांनी मांडलेला नेता माया करतो, पण ती कामाशी बांधलेली असते, आणि माणसे सावरत गेली की तो त्यांना निर्णयात ओढत जातो. वाचताना वाटले, हे तर मी करते. त्या मुलाच्या बहिणीच्या लग्नाला मी उचल मिळवून दिली होती, त्याच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पाळी बदलून दिली होती. तरीही त्याने फोन केला नाही. किंवा कदाचित म्हणूनच केला नाही. ज्या बाईने आपल्यासाठी इतके केले तिची झोप मोडायची कशी, असेही त्याच्या मनात असू शकेल. मायेचे ओझे झाले होते, आणि निर्णयात ओढून घेण्याचा पुढचा टप्पा मी कधी गाठलाच नव्हता. म्हणून संस्कृतीचे उत्तर मला पटत नाही. ते फार सोयीचे आहे. ज्या गावात देवळापुढे गाऱ्हाणे घालताना प्रत्येक वाक्यावर सगळा जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, त्याच गावात त्याच माणसांपैकी एक जण दुसऱ्या पहाटे दोरी धरून तांडेलावर ओरडतो. दोन्ही आपलेच आहे. माझ्या बैठकीत मला पहिलेच का ऐकू येते, याचे उत्तर मलाच द्यायला हवे.

कारखान्याने तातडीने एक गोष्ट केली: तापमान वाढले की मोबाइलवर संदेश पाठवणारे यंत्र बसवले. ते चांगलेच झाले. नेतृत्वाचे अभ्यासक हायफेट्झ यांनी तांत्रिक अडचणी आणि माणसांना स्वतः बदलायला लावणाऱ्या अडचणी असा जो फरक केला आहे तो मला त्या यंत्राकडे पाहताना नीट समजला. मोटर बदलता येते, यंत्र लावता येते. पण यंत्राला काकींचे बर्फ दिसत नाही. मी माझ्या परीने दोन गोष्टी केल्या. शीतगृहाच्या दारावर एक पाटी लावली, उणे १६ दिसले की कोणीही, कोणत्याही वेळी फोन करायचा, आणि त्यात ‘गरज वाटल्यास’ हे शब्द येऊ दिले नाहीत, कारण गरज वाटणे हेच तर त्या मुलाला जमले नव्हते. आणि चुकांच्या वहीत पहिली नोंद स्वतःच्या नावाने लिहिली: ऑगस्ट महिन्यात रात्री आलेल्या फोनला चुकीचे उत्तर दिले, त्यामुळे डिसेंबरमध्ये फोन आला नाही. ही नोंद वाचायला दोन-तीन दिवस माणसे काही ना काही निमित्ताने येत होती. कोणी काही बोलले नाही. आठवड्याने लेबलच्या चुकीची एक नोंद झाली, मग बर्फाची, मग आणखी एक. एप्रिलच्या बैठकीत मला ‘तुमच्या विभागात चुका वाढल्या का’ असे विचारण्यात आले. मी एडमंडसन यांचे संशोधन सांगितले. ते किती पटले, मला सांगता येणार नाही. पुढच्या विषयाकडे वळण्यात आले.

तो मुलगा एप्रिलअखेर गोव्यातल्या एका हॉटेलच्या देखभाल विभागात गेला. पगार जास्त होता, आणि तो आनंदाने गेला असे सगळे म्हणतात. त्याच्यासाठी शिफारसपत्र मी लिहिले आणि ते मनापासून लिहिले. डिसेंबरमधल्या त्या सकाळचा त्याच्या जाण्याशी काही संबंध आहे का, हे विचारायचे म्हणून मी त्याच्या शेवटच्या दिवशी दोनदा शीतगृहाच्या दारापर्यंत गेले. दुसऱ्या वेळी त्याने हसून आत ठेवलेले त्याचे जॅकेट परत केले आणि माझ्या पायाशी वाकला. मी त्याला उचलले, आणि प्रश्न राहून गेला.

त्याच्या जागी आलेला मुलगा गुहागरकडचा आहे, अबोल आहे. मे महिन्यातल्या एका रात्री त्याचा फोन आला. माझी परीक्षा दोन दिवसांवर होती आणि मी नुकतीच झोपले होते. फोन कानाला लावल्यावर पलीकडे आधी फक्त कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. त्याने बोलायला सुरुवात करायला बराच वेळ घेतला. मग सांगितले. मी काही विचारले, त्याने तपासून उत्तर दिले, सेन्सरच पुन्हा बिघडला होता. मी पुन्हा झोपले. सकाळी चहा घेताना एकदम छातीत धस्स झाले, कारण काय विचारले ते आठवत होते, पण फोन ठेवताना मी त्याला शेवटी काय म्हणाले ते काही केल्या आठवेना. कारखान्यात जाऊन पर्स टेबलावर टाकली आणि थेट शीतगृहाकडे गेले. त्याची पाळी संपून तो घरी गेला होता. लॉगबुक खुंटीला टांगलेले होते. याचे अक्षर चांगले नाही. आकडे चौकटीबाहेर जातात, शाई ओल्या बोटांनी फासलेली असते. रात्रीच्या ओळींवरून बोट फिरवत मी उजवीकडच्या रकान्यापर्यंत आले. तिथे लिहिले होते: २.१० वाजता मॅडमना उठवले. सेन्सर खराब. माल ठीक.